डावी खोली, उजवी खोली

सकाळी नऊला खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि त्या कशा मांडल्या यावरूनच थोरलीला कळायचं ते कळलं. अप्पांची खुर्ची खिडकीशी, आणि त्यांच्या उजव्या हाताला धाकटीची. तिथे कोणी बसायचं यावर घरात कधी चर्चा झाली नव्हती, कारण सव्वीस वर्षं तिथे थोरलीच बसत आली होती. खुर्च्या मांडल्या होत्या चिमणीने, आणि चिमणी थोरलीचीच लेक. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? ती दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, इथे वारा बरा येतो. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

खोली उभी होती यार्डाच्या मधोमध, क्रेनच्या पायथ्याशी. बारा फूट रुंद, वीस फूट लांब, काँक्रीटची, एका लोखंडी साच्यातून अख्खीच्या अख्खी निघालेली. अशा अठ्ठेचाळीस खोल्या यार्डात ओतायच्या, एकेक गाडीवर घालून नाक्यावरच्या जागेत न्यायची आणि एकमेकींवर, एकमेकींशेजारी रचायच्या, की झाली इमारत. पण कुठलीही इमारत उभी राहण्याआधी तिची एक खोली ओतायची आणि घरातल्या सगळ्यांनी दिवसभर तिच्यात बसायचं, हा या घराचा रिवाज. चहा तिथेच, जेवण तिथेच, वादावादीही तिथेच. मग एकेकाने दोष सांगायचे, आणि ज्याने खोली रेखली त्याने सगळ्यांचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. अप्पा म्हणायचे, राहायला येणाऱ्या माणसाला समजावून सांगायला आर्किटेक्ट काही त्याच्या घरात बसलेला नसतो.

आजच्या बैठकीला आणखी एक शेपूट होतं. अप्पांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली होती, रेघ मारताना हात थरथरत होता. महिन्यापूर्वी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की या खोलीची बैठक झाली की ऑफिसातलं माझं टेबल मी देऊन टाकणार. त्या टेबलावर बसेल त्याचा शब्द शेवटचा. कुठली जागा घ्यायची, काय बांधायचं, कसं बांधायचं, सगळं त्याच्या हाती. कुणाला देणार ते त्यांनी सांगितलं नाही. पण सांगताना ते बघत होते धाकटीच्या ताटाकडे आणि म्हणत होते, हिला भाजी वाढा, ही हल्ली जेवत नाही. थोरलीनेच भाजी वाढली होती.

थोरली या घरात आधी इंजिनिअर म्हणून आली आणि सून नंतर झाली. तेव्हा यार्डात एक गळका मिक्सर आणि चार पत्रे होते. आज तिथे दोन क्रेन होत्या, आणि इथून गेलेल्या प्रत्येक खोलीचा साचा तिच्या हाताखालून गेलेला होता. काँक्रीट अजून ओलं आहे की बसलं आहे हे ती नुसतं नख लावून सांगायची. अप्पा तिचं काम बघायचे, चष्मा वर करायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." सव्वीस वर्षांत ठीकच्या पुढे गाडी कधी गेली नव्हती. थोरलीने मनाची समजूत घातली होती, की काही माणसांच्या तोंडात कौतुकाचा शब्दच नसतो.

मग चार वर्षांपूर्वी धाकट्या दिराने लग्न केलं. दीर बहुतेक वेळ दूर पुलांच्या कामांवर असायचा, आताही होता, पण बायको मात्र घरीच ठेवून गेला. धाकटी आर्किटेक्ट. हडकुळी, केस कायम विस्कटलेले, बोलताना अर्धं वाक्य गिळणारी. तिला नाक्यावरच्या जागेचं काम दिल्यावर ती वर्षभर एक स्टूल घेऊन त्या गल्लीत जाऊन बसली. कोण किती वाजता कुठे उभं राहतं, ऊन कुठून कुठे सरकतं, पोरं शाळेला जाताना कुठून आडवाट काढतात, ते ती वहीत लिहून घ्यायची. यार्डातली माणसं हसायची. आत्याने, म्हणजे अप्पांच्या बहिणीने, तर तिचं नाव "जनगणना" ठेवलं होतं.

आणि वर्षाने त्या वहीतून इमारत निघाली. रिकाम्या जागेतून पोरं जिथून पलीकडच्या रस्त्याला लागायची, तिथे धाकटीने खालच्या मजल्यावर आरपार बोळ ठेवला. समोरचा म्हातारा घड्याळ दुरुस्त करणारा दहा ते बारा आपलं टेबल दाराशी ओढतो, कारण तेवढंच ऊन त्याच्या वाट्याला येतं. म्हणून वरच्या मजल्यांच्या खोल्या तिने पायऱ्यांसारख्या मागे मागे सरकवल्या, त्याचं ऊन त्याला राहिलं. समोरच्या घरांत आपली खिडकी उघडायला नको, म्हणून प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यातून एक तिरपी खिडकी बाहेर काढली. इमारतीच्या अर्ध्या खोल्यांची खिडकी नाक्याकडे वळलेली, अर्ध्यांची गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या बागेकडे. खोली सगळी एकच, पण गल्ली जशी वळते तशी इमारतही वळत जायची.

ते रेखाटन बघून अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले, "छान."

म्हणजे शब्द तोंडात होता. थोरलीला त्या क्षणी नेमकं काय झालं, ते तिने कुणाला सांगितलं नसतं, पण झालं ते साधंच होतं, तिच्या पोटात दुखलं. त्याहून जास्त दुखलं ते दुसऱ्या गोष्टीने. त्या गल्लीतून ती स्वतः सव्वीस वर्षं रोज यार्डात येत होती. घड्याळवाल्याचं टेबल रोज तिच्या वाटेत यायचं आणि ती वैतागून त्याला वळसा घालायची. तो ते बाहेर का ओढतो हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आत्या सहज गमतीने म्हणाली होती. थोरलीने ते गमतीत घेतलं नाही, नीट घडी घालून ठेवून दिलं.

त्यातून चिमणी. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपवून आली, तेव्हा ती यार्डात साच्यांचं काम शिकणार असं ठरलेलं होतं. थोरलीने आपल्या केबिनमध्ये तिच्यासाठी टेबल लावलं, वरचा दिवा बदलून घेतला. आठवड्याभरात चिमणी म्हणाली, "आई, मी थोडे दिवस काकूकडे बसते, मॉडेल करायला." थोडे दिवस म्हणता म्हणता आठ महिने झाले. घरी आली की काकू असं म्हणाली, काकू तसं म्हणाली. केस बांधायचेही तिने सोडून दिले होते.

गेल्या महिन्यात धाकटीची पक्की रेखाटनं यार्डात तपासायला आली. नेहमीचा नियम होता, थोरली तपासणार, "तपासलं" लिहून सही करणार, मगच साच्याचं लोखंड कापायचं. तिने पहिलाच कागद उघडला आणि पाच मिनिटांत तिला चूक दिसली. धाकटीने आयुष्यभर कागदावर काम केलेलं. ट्रेसिंग पेपरवर एक खोली रेखायची, कागद पलटला की तिचीच आरशातली बहीण तयार. नाक्याकडची खिडकी पलटली की बागेकडची झाली. म्हणून तिने अठ्ठेचाळीस खोल्यांना एकच साचा धरला होता. पण लोखंडाचा साचा कागदासारखा पलटता येत नाही. चोवीस खोल्या निघाल्या असत्या, उरलेल्या चोवीस कधीच नाही.

थोरलीला आधी हसू आलं, मग तिचं डोकं चालायला लागलं. जेवणाच्या सुट्टीतही ती उठली नाही, आणि दुपार उलटेपर्यंत तिने उपाय काढला, तोही असा की तिचं तिलाच बरं वाटलं. कागदाची गुंडाळी काखेत मारून ती ऑफिसकडे निघाली. मनात राग नव्हता. थोडी शेखी मिरवू, थोडं शिकवू, एवढंच होतं. दाराच्या काचेतून तिने आत पाहिलं. अप्पा, धाकटी आणि चिमणी लाकडी ठोकळ्यांच्या मॉडेलवर वाकले होते. चिमणीने काकूच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती. लहानपणी ती अशी आईच्या खांद्यावर टेकवायची. अप्पा काहीतरी म्हणाले आणि तिघं हसले.

थोरली दारातून परत फिरली. दुसऱ्या दिवशी तिने रेखाटनांवर "तपासलं" लिहून सही केली. उद्या सांगू म्हणाली, मग परवा, आणि मग यार्डात लोखंड कापायला लागले. त्यानंतर सांगणं रोज आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं, आणि तिने सांगायचं सोडून दिलं. बैठकीत सांगू, सगळ्यांसमोर, असं तिने ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर तिला झोपही चांगली लागली.

दुपारपर्यंत खोलीत जमिनीवर उन्हाचा तिरपा तुकडा आला, सरकला, भिंतीवर चढला. डबे उघडले गेले, संपले. मग अप्पांनी काठी जमिनीवर आपटली आणि दोष सांगायला सुरुवात झाली.

पहिला मान आत्याचा. आत्याने या घराच्या प्रत्येक खोलीत दोष काढला होता, आणि ज्या खोलीत सापडला नव्हता तिथे चहा गार आहे असं सांगितलं होतं. ती म्हणाली, खिडकी चांगली आहे, पण उंच आहे. मी सकाळपासून बसले आहे, मला क्रेनचा हूक दिसतो आणि आभाळ दिसतं. "एवढी गल्लीकडे तोंड करून खिडकी काढलीस, आणि म्हाताऱ्या माणसाला बसून गल्लीच दिसत नाही. मी काय दिवसभर उभी राहू?" धाकटी तोंड मिटून वहीत लिहून घेत होती. अप्पा हसले.

थोरलीच्या नवऱ्याकडे क्रेन, गाड्या आणि साच्यांची कापाकापी होती. स्वभावाने गरीब माणूस, त्याचं म्हणणं उचलायच्या कड्यांपुरतं. दोन कड्या अजून हव्यात, म्हणाला, आणि बसला. चिमणीने खोलीत आवाज घुमतो असं सांगितलं, आणि सांगताना काकूकडे माफी मागितल्यासारखं बघितलं. एवढेच दोष. खोली पास झाल्यातच जमा होती. अप्पांनी काठीवरचे हात मोकळे केले आणि थोरलीकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुझं काय? तुझं नेहमी शेवटी असतं."

थोरली उठली. दाराबाहेर चपला काढलेल्या होत्या, त्यांतली नवऱ्याची एक चप्पल तिने उचलून आणली आणि खोलीच्या मधोमध ठेवली.

"ही डाव्या पायाची," ती म्हणाली. "अशी फिरवा, तशी फिरवा, टाच पुढे करा. उजव्या पायात जाईल का?"

"जाईल की," आत्या म्हणाली. "पण माणूस पडेल."

"तेच सांगतेय, पडेल. ही खोली डावी आहे. आपल्याला चोवीस डाव्या हव्यात आणि चोवीस उजव्या. हा साचा जन्मभर डाव्याच देणार."

कुणालाच लगेच कळलं नाही. मग नवऱ्याला कळलं, आणि त्याने कपाळाला हात लावला. अप्पा खिडकीकडे बघत राहिले, मनातल्या मनात खोली फिरवत असावेत. त्यांनी विचारलं, कागदावर तर बरोबर होतं? थोरली म्हणाली, कागद पलटला की बरोबर होतं, साचा पलटला तर जमीन छताला जाईल. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. हे वाक्य तिने बरेच दिवस घोळवलं होतं.

धाकटीने वहीवर टेकवलेलं पेन तसंच राहिलं आणि कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. रिवाजाप्रमाणे तिला बोलायचं नव्हतं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि लपवण्यात काय अर्थ आहे, तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"हे तुला आता दिसलं?" अप्पांनी विचारलं.

"खोलीत बसल्याशिवाय कुठे कळतात अशा गोष्टी," थोरली म्हणाली. खोटं असं हे नव्हतं, आणि खरं तर मुळीच नव्हतं.

मग नवरा हिशेब मांडायला लागला. दुसरा साचा करायचा तर चार महिने, तोवर यार्डात दुसरं काम घेता येणार नाही, नाक्यावरचा पाया तसाच उघडा राहणार. अप्पा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष धाकटीकडे होतं. त्यांनी हात पुढे करून तिच्या वहीवर ठेवला आणि हळूच थोपटला. राहू दे, होतं असं, या अर्थाने.

आता याला काय म्हणावं? चूक तिची, चूक पकडली थोरलीने, आणि थोपटणं कुणाला, तर तिलाच. थोरलीने ठरवलेलं वेगळं होतं. तो उपायाचा कागद दोन दिवस पिशवीतच ठेवायचा, मग घरी नव्याने काढायचा आणि हे बघा, रात्रीचा दिवस करून काढलं, म्हणून अप्पांपुढे ठेवायचा. पण तो थोपटणारा हात बघून तिला राहवलं नाही. तिने पिशवीतून गुंडाळी काढली आणि अप्पांच्या मांडीवर उलगडली.

"चार महिने लागणार नाहीत," ती म्हणाली. "तीन आठवडे बस झाले."

आणि ती सांगायला लागली, आणि सांगताना तिचा आवाज बदलला, कारण कामाचं बोलताना तिच्या मनात दुसरं काही उरत नसे. अख्खी खोली उलटी करता येत नाही, पण खिडकीचा कोपरा तेवढा करता येतो. साच्याचा तो कोपरा कापून सुटा करायचा आणि बोल्टने जोडायचा. डाव्या खोलीला डावीकडे लावायचा. उजवी हवी, की तोच तुकडा काढायचा, डोकं खाली पाय वर करायचा आणि उजवीकडे लावायचा. उलटा केला की तो आपोआप आरशातला होतो. अट एकच, खिडकीच्या खाली जेवढी भिंत तेवढीच वर हवी, नाहीतर उलटल्यावर खिडकी वरखाली होईल. आज खाली तीन फूट आहे आणि वर एक. ती दोन-दोन करायची.

"म्हणजे खिडकी फूटभर खाली येणार," आत्या म्हणाली.

"येणार. बसून गल्ली दिसेल तुम्हाला."

अप्पांनी चष्मा काढला. कागदावरच्या एकेका बोल्टवर त्यांचं थरथरतं बोट फिरलं, परत मागे आलं, परत फिरलं. मग त्यांनी मान वर केली.

"छान," ते म्हणाले. "सूनबाई, फार छान."

थोरलीला पुढचं थोडा वेळ ऐकूच आलं नाही. अप्पा म्हणत होते की टेबलावर असाच माणूस हवा, दोष दाखवून हात न झटकणारा. तिचा नवरा तिच्याकडे लग्नात बघितलं होतं तसा बघत होता. आणि मुख्य म्हणजे चिमणी उठून आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती आईच्या खुर्चीच्या हातावर टेकली, कागद आपल्याकडे ओढून वाचू लागली, आणि तिच्या तोंडून नकळत "आई गं" निघालं. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

या यार्डात कोऱ्या कागदावर आधी तारीख घालतात आणि मग पहिली रेघ काढतात. चिमणी आठ वर्षांची असताना तिला ही सवय आईनेच लावली होती.

"अप्पाआजोबा, तारीख बघा," चिमणी अभिमानाने म्हणाली. "चार तारीख. गेल्या महिन्यातली. आईने हे तेव्हाच काढलं होतं, आणि कुणाला बोलली पण नाही."

तिला खरंच वाटलं होतं की ती आईचं कौतुक करते आहे. मग तिने वर पाहिलं. सगळे तिच्या आईकडे बघत होते.

"साचा कापायला कधी घेतला?" अप्पांनी मुलाला विचारलं.

नवरा चपलेकडे बघत होता, ती अजून खोलीच्या मधोमध पडली होती. "दहाला," तो म्हणाला.

"रेखाटनावर सही?"

नवऱ्याला माहीत होतं, पण त्याने सांगितलं नाही. थोरलीनेच सांगितलं, "माझी. पाचला केली."

अप्पांनी कागदाची हळूहळू गुंडाळी केली. ते रागावतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, थोरलीची तर होतीच, तिला ते सोपं गेलं असतं. पण ते नुसते दमल्यासारखे दिसले. म्हणाले, सहा वेल्डर चौदा दिवस हा साचा करत होते. त्यांच्यातला एकजण डोळ्यांत ठिणगी जाऊन घरी बसला आहे. तू रोज त्यांच्यामधून चालत होतीस. एवढंच बोलून ते धाकटीकडे वळले आणि म्हणाले, तुझं काय म्हणणं असेल ते सांग, आता तुला मुभा आहे.

धाकटीने वहीतल्या शाईच्या ठिपक्याकडे पाहिलं.

"ताई, मला डाव्या-उजव्याची शंका आली होती," ती म्हणाली. "विचारायला म्हणून यार्डाच्या फाटकापर्यंत आले. तुम्ही वेल्डरांच्या घोळक्यात उभ्या होतात. तुम्ही काहीतरी म्हणालात आणि सगळे हसले. माझ्याशी यार्डात कुणी हसत नाही. मला बघितलं की सगळे गप्प होतात. मला... मला तुमचा इतका राग आला, की मी परत गेले. म्हटलं, चूक असेल तर सहीच येणार नाही. सही आली, मग मी तो विचारच सोडून दिला."

"आणि आज मला किती बरं वाटलं असतं," ती पुढे म्हणाली, "तुमच्याशिवाय खोली पास झाली असती तर."

अप्पा काठीवर भार टाकून उठले. साच्याचा कोपरा थोरलीने सांगितला तसा कापा, खिडकी फूटभर खाली घ्या, म्हणाले. टेबलाचं मुलाने हळूच विचारलं, तेव्हा म्हणाले, टेबल आहे तिथे राहू दे, अजून माझा हात चालतो. आणि तो न चालणारा हात मुलाच्या खांद्यावर ठेवून ते बाहेर गेले. आत्या डबे गोळा करून त्यांच्या मागे गेली. धाकटी उठली, वही बंद केली, थोरलीसमोर क्षणभर थांबली. मग तीही गेली.

खोलीत चिमणी आणि थोरली दोघीच राहिल्या. चिमणी अजून खुर्चीच्या हातावरच टेकलेली होती. उठून जावं की नाही, तिला ठरवता येत नव्हतं.

"आई, मी काकूकडे जाऊन बसले म्हणून?" तिने विचारलं.

नाही म्हणायला थोरलीकडे कारणं भरपूर होती. सव्वीस वर्षांचं ठीक आहे होतं, टेबल होतं, भाजी होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण दाराच्या काचेतून दिसलं ते तिला आता परत दिसलं, आणि कागद काखेत असताना पाय कशाने मागे वळले ते तिला पुरतं ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली.

चिमणीने मान हलवली. ती रडली नाही, रागावलीही नाही.

"मला सांगायचं होतंस ना," ती म्हणाली. "मी आले असते."

मग ती उठली, दाराबाहेर चप्पल पायात सरकवली आणि ऑफिसच्या दिशेने निघाली. क्रेनच्या सावलीतून पलीकडे जाईपर्यंत थोरली तिच्याकडे बघत राहिली. दारात वेल्डरांचा मुकादम येऊन उभा होता. कोपरा कापायचं ऐकलं, तो म्हणाला, माणसं आता कामाला लावू का? थोरलीने त्याला थोडं थांबायला सांगितलं. आधी सगळ्यांना इकडे बोलाव, ती म्हणाली, मला त्यांना काही सांगायचं आहे.